प्रेम, ड्रॅगन आणि भुतं: हे वाचन नाही, तर मग काय आहे?

मुलुंड_स्लो

परवा इथे, या फोरमवर, एका बाईंनी लिहिलं होतं की यंदा अकरा पुस्तकं वाचून झाली. चार प्रेमकथा, तीन फँटसी, चार भयकथा. वाचताना इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती, असंही लिहिलं होतं. त्यावर शिवडीकर सरांचा प्रतिसाद आला: "याला वाचन म्हणू नका. हे चणे-फुटाणे आहेत. चाळिशी उलटलेल्या माणसाने ड्रॅगन आणि हडळी वाचत बसावं, हे मराठी वाचनाचं दुर्दैव." बाईंनी संध्याकाळी पोस्ट काढून टाकली. माझं डोकं फिरलं ते तेव्हा.

सर, मी त्रेचाळीस वर्षांची आहे. फोर्टमध्ये बँकेत आहे. सहा वर्षांपासून मला सांधेवात आहे. सकाळी मूठ वळत नाही, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचलावा लागतो. डाव्या मनगटाला पट्टा असतो, तरी लोकलमध्ये तोच हात वर करून कडी धरायची, कारण उजव्या हातात पुस्तक. चौथी सीट मिळाली तरी देव पावला म्हणायचं.

मागच्या पावसाळ्यात भाचीने 'फोर्थ विंग' दिलं. रिबेका यारोस यांचं, २०२३ सालचं. ड्रॅगनवर बसणाऱ्या सैनिकांची शाळा आणि तिथल्या एका मुलीचं प्रेम, एवढंच ऐकून होते. नायिकेचे सांधे जरा जोर पडला की निखळतात. ती गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळून परीक्षेला उतरते. पुढे तिला ड्रॅगनच्या पाठीवर टिकता यावं म्हणून खास खोगीर बनवून घेतात. लेखिकेला स्वतःला एलर्स-डॅन्लोस नावाचा आजार आहे, सांधे सैल पडण्याचा. ते पट्ट्यांचं पान मी घाटकोपर ते विक्रोळीच्या मध्ये वाचलं आणि डब्यात उभ्या उभ्या रडले. शेजारच्या बाईने न विचारता माझी पर्स धरली.

दुखणं असलेली बाई आपल्याकडे कादंबरीत आली की एकतर मरते, नाहीतर सगळ्यांना क्षमा करते. ही उडते. मला ते हवं होतं. आता सांगा, मी चणे खाल्ले का?

शिवडीकर

ताई, तुमच्या दुखण्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण एखादं पुस्तक आपल्याला रडवतं म्हणून ते चांगलं ठरत नाही. मी एकतीस वर्षं रात्रशाळेत मराठी शिकवलं. हॉटेलात कपबशा विसळून, वर्कशॉपमध्ये हात काळे करून पोरं साडेसहाला वर्गात यायची. त्यांना मी नारायण सुर्वे वाचून दाखवले. 'माझे विद्यापीठ' वाचलं त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा तास संपल्यावरही उठेना. म्हणाला, "सर, हे आमच्याच चाळीतलं आहे." थकलेल्या माणसालाही खरं काही देता येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून 'दमून आल्यावर हलकंफुलकंच हवं' हे मला पटत नाही.

आणि यातली बरीच पुस्तकं एका साच्यातली असतात. आधी शत्रू, मग प्रेमी. तिसऱ्या प्रकरणात भांडण, विसाव्यात मिठी. वाचकाचा वेळ मोजका असतो, हो.

ठाकुरद्वार

साच्याचं म्हणाल तर अभंगाचाही साचा असतो, सर. साचा वाईट नाही, त्यात काय ओतता ते महत्त्वाचं. आणि हे भांडण आपल्याकडे काही आजचं नाही. फडके आणि खांडेकर, 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला', यावर आपल्या आजोबांच्या पिढीने कप फोडले. त्याच प्रेमकथाकार फडक्यांना १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं.

रत्नाकर मतकरींचं बघा. वीस वर्षं बँकेत नोकरी केली, गूढकथा लिहिल्या, मुलांची नाटकं केली, आणि त्याच हाताने 'लोककथा ७८' लिहिलं. गावातल्या अत्याचारावर इतकं थेट नाटक किती जणांनी लिहिलं? भुतं लिहिणारा माणूस जगाकडे पाठ फिरवून बसतो, हे मला मान्य नाही.

शिवडीकर

मतकरींचं उदाहरण चपखल आहे, नाकारत नाही. पण मतकरी एकच होते.

मधुरा_२७

मी प्रेमकथा भरपूर वाचते, तरी आज सरांच्या बाजूने बोलणार आहे. वेगळ्या कारणाने.

हल्ली 'डार्क रोमान्स' म्हणून जे येतं, त्यात नायक तिचा फोन तपासतो, पाळत ठेवतो, दुसऱ्या कुणाशी बोलली की भिंतीवर मूठ आपटतो. आणि शेवटी कळतं की हे सगळं प्रेमापोटी. मी एकोणीस वर्षांची असताना असा एक मुलगा माझ्या आयुष्यात होता. कॉलेज सुटलं की गेटवर उभा. मी कुठल्या डब्यात चढले त्याचा फोटो पाठवायला लावायचा. मला ते आवडायचं, मैत्रिणींना सांगायचे! कारण पुस्तकातले सगळे हिरो तसेच. बाहेर पडायला दोन वर्षं लागली. 'नुसती मजा आहे, घ्या' असं कुणी म्हणालं की म्हणून मला त्रास होतो. मजा कसली आहे, ते बघायला नको?

हायकोर्ट_गल्ली

मधुरा, त्रास समजतो. पण 'पुस्तकाने पोरी बिघडतात' हा युक्तिवाद फार जुना आहे आणि त्याचं पुढे काय होतं तेही माहीत आहे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली. अश्लील म्हणून खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी धरलं आणि शेवटी १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. लैंगिक उल्लेख आला की पुस्तक तरुणांना वर्ज्य, असं धरलं तर त्यांना फक्त धार्मिक पुस्तकं वाचावी लागतील, या अर्थाचं त्या निकालात आहे. एका दिवाळी अंकातल्या प्रेमकथेसाठी सात वर्षं गेली माणसाची.

मधुरा_२७

मी खटला भरा म्हणाले का? बंदी घाला म्हणाले का? मी माझी गोष्ट सांगितली आणि तुम्ही मला सरकारी वकील करून टाकलंत. एखादी बाई 'हा हिरो धोकादायक आहे' म्हणाली की लगेच अश्लीलतेचे खटले काढायचे! वाचक म्हणून टीका करायची नाही का मी?

हायकोर्ट_गल्ली

करायची. माझा रोख चुकला. तुम्ही बंदीचं बोलला नव्हता.

मुलुंड_स्लो

मधुराचं मला टोचलं, कारण मी वाचलेल्यातही असा एक नायक होता आणि मी तो भाग भराभर उलटला, थांबले नाही. माझं लग्न होऊन अठरा वर्षं झालीत, मला तो हिरो काय करणार? एकोणीसच्या मुलीचं वेगळं आहे, हे मानते. भाचीशी बोलेन. पण त्यासाठी अख्खं कपाट फेकायचं नाही.

काउंटरवरून

मी उपनगरातल्या एका छोट्या वाचनालयात काम करते. आमच्याकडे भयकथाकार नारायण धारपांच्या पुस्तकांना बांधणी टिकत नाही. एका प्रतीची पाठ मी स्वतः तीनदा चिकटवली आहे, कापडी पट्टी आणि खळ लावून. त्या प्रतीत साधारण मध्यावर समासात पेन्सिलीने लिहिलंय, "इथून पुढे दिवसा वाचावे." त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "दिवसा वाचले. उपयोग नाही." आणि त्याखाली निळ्या शाईत, बहुतेक एखाद्या शाळकरी मुलाचं अक्षर, "मी आईजवळ बसून वाचले." पुस्तकात लिहू नये अशी पाटी मीच लावली आहे, पण ते पान खोडायला माझा हात झाला नाही.

सर, तुम्ही म्हणता ती पुस्तकंही आमच्याकडे आहेत. जपलेली, कोरी. मला त्याचा आनंद होत नाही. पण धारप न्यायला येणारा मुलगाच कधीतरी बाजूच्या फळीकडे वळतो. फळीच रिकामी असेल तर तो वाचनालयात येणारच नाही.

शिवडीकर

धारपांचं नाव निघणार हे माहीत होतं. मग एक विचारतो. त्यांची 'लुचाई' ही कादंबरी कुठून आली? स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून, १९७५ च्या. म्हणजे ज्या भुताला मराठी मुलं घाबरली ते अमेरिकेतल्या गावातलं. मग 'आपली भयकथेची परंपरा' म्हणून मिरवायचं कशाला?

ठाकुरद्वार

सर, मग नाटककार देवलांचा 'झुंझारराव' शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'वरून, 'संशयकल्लोळ' फ्रेंच नाटककार मोलिएरवरून. तेही उष्टं का? आपलं अर्धं रंगभूमीचं वैभव रूपांतरावर उभं आहे. धारपांनी ती भीती मराठी वाड्यात, मराठी माणसांच्या बोलण्यात आणून बसवली. परक्या भुताला मराठीत घाबरवता येणं हे कसब आहे, आणि ते तुम्ही एका वाक्यात मातीत घालता!

शिवडीकर

आवाज चढवू नका. देवलांनी नाटक आपलं केलं, हे शंभर वर्षांच्या प्रयोगांनी सिद्ध झालं. भयकथेचं तसं कुणी तपासलंय का? ती भुतं परकी आहेत म्हणूनच आज मुलं सरळ इंग्रजीत वाचतात. मुळातच मिळतंय तर रूपांतर कशाला घ्या? 'फोर्थ विंग'वाल्या ताईंनाही मराठीत तसं काही मिळालं नाही, म्हणूनच त्या इंग्रजीकडे गेल्या. हे माझं खरं दुखणं आहे.

रेडीकर_काळाचौकी

एवढा वेळ गप्प होतो. सर, आता तुम्ही माझ्या दुखण्यावर बोट ठेवलंत.

मी सिंधुदुर्गातला, वाढलो काळाचौकीत. मे महिन्यात गावाला गेलो की आजी आरवलीला वेतोबाच्या, म्हणजे वेताळाच्या, देवळात न्यायची. नवस फेडायचा म्हणजे चपला वाहायच्या, केळ्यांचा घड ठेवायचा. तिथली चपलांची रास मी सात वर्षांचा असताना पहिल्यांदा पाहिली. एकेक चप्पल माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल त्याहून मोठी, जाड चामड्याची, नव्या कातड्याचा उग्र वास. आजी म्हणाली, "देव रात्री गावाभोवती फिरतो, म्हणून झिजतात." मी एक उचलून तळ पाहिला. नवा कोरा होता. आजीला दाखवला तर ती सहज म्हणाली, "ही आजचीच वाहिलेली असात. मागच्या वर्षाची बघ." मी बघितली नाही, धीर झाला नाही. आजही डोळे मिटले की ती न उलटलेली चप्पल दिसते.

असं दैवत आहे आपल्याकडे, जे राखतं आणि ज्याची भीतीही वाटते. चकवा आहे, माणसाला पहाटेपर्यंत एकाच बांधाभोवती फिरवणारा. देवचार आहे, मुंजा आहे, खवीस आहे. आणि आम्ही काय लिहितो? रिकाम्या बंगल्यात पांढऱ्या साडीतली बाई. मला ड्रॅगनचा राग नाही. माझा वेताळ कुणी नीट लिहीत नाही, त्याचा राग आहे.

काउंटरवरून

दादा, तुमचा हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मागच्या वर्षीची चप्पल खरंच बघितली नाहीत?

रेडीकर_काळाचौकी

नाही. पुढच्या मे महिन्यात गेलो तेव्हा आजी नव्हती.

मधुरा_२७

आमच्याकडे सावंतवाडीला मुंजा पिंपळावर असतो म्हणतात. मामा त्याखालून जाताना गाडीचा हॉर्न वाजवायचा, परवानगी म्हणून.

ठाकुरद्वार

विषय कुठल्या कुठे गेला, पण हे बोलणं मूळ धाग्यापेक्षा मोलाचं आहे. रेडीकर, तुम्ही का लिहीत नाही? वर लिहिलंत तेच पुढे न्या.

मुलुंड_स्लो

विषय कुठेही गेलेला नाही. एका बाईने 'मला मजा आली' म्हटलं म्हणून आपण इथवर आलो, चपलेपर्यंत. तिला गप्प बसवलं नसतं तर हेच बोलणं तिच्या धाग्यावर झालं असतं. सर, तिच्याबद्दल तुम्ही अजून एक शब्द बोलला नाहीत.

शिवडीकर

बरोबर आहे. त्यांनी पोस्ट काढली हे मला आज सकाळी कळलं. तो माझा हेतू नव्हता, पण माझ्या शब्दांमुळे झालं. 'दुर्दैव' हा शब्द मागे घेतो. त्यांनी यादी परत टाकावी, मी त्याखाली काही लिहिणार नाही. साच्याबद्दलचं आणि इंग्रजीबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे. सांधे बांधून उडणाऱ्या त्या मुलीचं पुस्तक मराठीत आलं तर वाचून बघेन, इंग्रजीत एवढी पानं माझ्या डोळ्यांना झेपणार नाहीत.

रेडीकर_काळाचौकी

सर, मी लिहिलं तर वाचाल? भुताची गोष्ट आहे, आधीच सांगतो.

शिवडीकर

वाचेन. मालवणी संवाद मालवणीतच ठेवा, पुणेरी करू नका. आणि ती चप्पल शेवटी उलटा.

रेडीकर_काळाचौकी

ती नाही उलटणार, सर.