अनुभव धागा: रस्त्याच्या कडेला असताना गाडी अंगावर आली, पुढे चालवणाऱ्याला दंड किती झाला?

अमरावतीरोडवाली

काल संध्याकाळी नागपूरच्या वाडीजवळ माझी जुनी स्कूटी पंक्चर झाली. पंक्चरवाल्या पोराने ट्यूब काढली, हवा भरली आणि घमेल्यातल्या पाण्यात फिरवायला लागला. एका जागी बारीक बुडबुडे सुटले अन् माझे हातपाय गार पडले.

माझ्या बाबांचं अमरावती रोडवर पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर ताडपत्री अन् एक कॉम्प्रेसर. डांबर संपतं तिथून आठ-दहा पावलं आत. 2009 चा मे महिना, भर दुपार. बाबा असेच ट्यूब तपासत बसले होते. एक कार ट्रकला डावीकडून काढायला गेली, कच्च्यात उतरली अन् सरळ बाबांवर आली. डाव्या मांडीचं हाड दोन जागी तुटलं. मी डबा घेऊन पोचले तेव्हा लोकांनी त्यांना ऑटोत घातलं होतं. घमेलं मात्र जिथल्या तिथं होतं, पाणीसुद्धा सांडलं नव्हतं. ट्यूब अर्धी आत, अर्धी बाहेर, अजून बुडबुडे सोडत होती.

केस साडेचार वर्षं चालली. शेवटी त्या गृहस्थांनी गुन्हा कबूल केला. तेव्हा भादंवि, म्हणजे भारतीय दंड विधान, होतं. कलम 279 म्हणजे बेदरकार गाडी चालवणं, 338 म्हणजे गंभीर दुखापत. दोन्हींत दंड जास्तीत जास्त हजार-हजार. 338 ला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, पण झाली ती कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा आणि 2000 दंड. बाबा कुबड्या घेऊन गेले होते त्या दिवशी. त्यांना वाटलं ते पैसे आपल्याला मिळतील, म्हणून निकालानंतरही बाकावरच बसून राहिले. शेवटी शिपाई म्हणाला, काका, हे सरकारजमा होतात, तुम्ही जा घरी.

ते बाकावर बसलेले बाबा काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. तुमच्यापैकी कोणासोबत असं झालं असेल तर लिहा. कडेला उभे असाल, ठेला असेल, बसची वाट पाहत असाल, काहीही.

तर्रीपोहे

वाचून पोटात कालवलं ताई. बाबा कसे आहेत आता?

अमरावतीरोडवाली

बरे आहेत. पाय थोडा आखूड राहिला. दुकान दोन वर्षांनी पुन्हा उघडलं होतं त्यांनी, पण रस्त्याकडे पाठ करून बसणं कायमचं सोडलं.

सक्करदऱ्याची सून

पाठ करण्यावरून लिहिते. माझी आई सफाई कामगार, पहाटे साडेपाचला रस्त्यावर. ती नेहमी गाड्यांकडे तोंड करून झाडते. त्यामुळे कचरा उलटा येतो, कंबर जास्त मोडते, पण समोरून येणारं दिसतं. हिवाळ्यात धुकं असलं की डोक्याला पांढरा रुमाल बांधते. दोनदा गाडी झाडूला लागून गेली. झाडूची काडी अन् काडी रस्त्यावर पसरली होती. ज्याची गाडी होती तो थांबलाही नाही. नंबर कोण पाहणार, आई तर थरथरत होती. दंड वगैरे दूरची गोष्ट. कुकर लावला आहे, नंतर लिहिते.

जुनी मंगळवारी

आमच्या इथले पोट्टे गल्लीत असे गाडी चालवून राहिले की म्हाताऱ्या माणसाने ओट्यावरून पाय खाली ठेवायची सोय नाही राहिली. परवा शेजारच्या काकूंची वाळत घातलेली मूगवडी अख्खी चिरडून गेला एक. मूगवडीचं जाऊ द्या, काकू तिथून एक मिनिट आधी उठल्या होत्या.

कोर्टाचीपायरी

वकिली करतो, म्हणून थोडं सविस्तर.

1 जुलै 2024 पासून भादंविच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे. बेदरकार गाडी चालवण्याचं कलम आता 281. त्यात अजूनही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गंभीर दुखापत झाली तर 125 (ब), तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोटार वाहन कायदा वेगळा. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यातलं कलम 184, धोकादायक चालवणं, पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1000 ते 5000 दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा तेच केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 दंड. सिग्नल तोडणं, राँग साइडने येणं, चालवताना फोन हातात धरणं, हे सगळं आता त्याच कलमात बसतं.

आणि ताई, दंड अन् भरपाई या दोन वेगळ्या वाटा आहेत. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो, ती गाडीच्या विमा कंपनीकडून येते. तुम्ही केला होता का?

अमरावतीरोडवाली

केला होता, शेजारच्या मास्तरांनी सांगितलं म्हणून. सहा वर्षांनी पैसे आले. त्याच्या आधीच आईचे डोरले गेले होते.

पाचपावली

ट्यूबवाली स्कूटी अजून आहे का जी तुमच्याकडे? ट्यूबलेस टाकून घ्या, रात्री-बेरात्री रस्त्यात थांबायची पाळी नाही येत.

रिंगरोडचासकाळचा

मी गाडी चालवणाऱ्याच्या बाजूचा आहे. लिहू की नको विचार करत होतो.

2021 चा मार्च. मानेवाड्याकडून येत होतो, फोन वाजला, खाली पाहिलं. वर पाहिलं तोवर समोर उसाच्या रसाचा ठेला. ब्रेक मारला तरी चाक ठेल्याला लागलं, ठेला सरकला आणि मागे उभ्या असलेल्या पोराच्या पायावर गेला. दहा-अकरा वर्षांचा. बर्फाची लादी फुटून सगळीकडे पसरली होती, मी त्या बर्फावरूनच घसरत त्याच्यापर्यंत गेलो. त्याची आई मला मारत होती, मी मार खात त्याला उचलून गाडीत टाकलं. पायाचं एक हाड मोडलं होतं. गुन्हा दाखल झाला, दंड भरला, लायसन्स तीन महिने निलंबित झालं. दंडाचा आकडा आज मला आठवत नाही. पोराचं नाव आठवतं, त्याच्या कोणत्या पायात चप्पल नव्हती तेही आठवतं. प्लास्टर निघेपर्यंत दर रविवारी जात होतो. त्याची आई पहिले तीन रविवार बोलली नाही. चौथ्या रविवारी स्टूल सरकवलं.

आता फोन मागच्या सीटवर असतो.

सक्करदऱ्याची सून

दादा, तुम्ही थांबलात. माझ्या आईच्या वेळी कोणी थांबलं नव्हतं.

तर्रीपोहे

थांबायला लोक घाबरतात, जमाव मारतो. तरी थांबायलाच पाहिजे हे खरं.

छत्रपतीचौक

मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतात म्हणून मी एकदा नुसता पाहत उभा राहिलो होतो, फार जुनी गोष्ट. एक फुलवाली बाई होती, हाराची टोपली उलटलेली. दुसऱ्या कोणीतरी तिला मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, नेलं. अजून लाज वाटते. आता मोटार वाहन कायद्यातच कलम 134 अ आहे. मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव सांगायची सक्ती करता येत नाही. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर.

दोनपोरांचीआई

माझा मोठा सोळाचा. ट्यूशनला गाडी द्या म्हणून रोज भांडण. यांनी दोनदा दिली पण होती. मग पुण्याची ती मे 2024 ची अल्पवयीन पोराच्या गाडीची घटना झाली, दोन जीव गेले आणि आधी 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगून सोडलं होतं. त्यानंतर मी मोटार वाहन कायद्याचं कलम 199 अ शोधून वाचलं. अल्पवयीनाच्या हातून गुन्हा झाला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. कागदावर उतरवून फ्रिजवर लावलं. यांनी वाचलं, चाव्या माझ्या हातात दिल्या. पोरगा चार दिवस बोलला नाही माझ्याशी. न बोलू दे.

पाचपावली

बरोबर केलं वहिनी. कोणत्या ट्यूशनला जातो? माझी पुतणी पण बसने जाते, सोबत होईल.

दोनपोरांचीआई

मेसेज करते.

अमरावतीरोडवाली

वकील साहेब, एक विचारायचं राहिलं. बाबांना वाटलं होतं दंडाचे पैसे जखमीला मिळतात. ते इतकं वेडं होतं का वाटणं?

कोर्टाचीपायरी

अजिबात नाही. दंडातली रक्कम, पूर्ण किंवा काही भाग, जखमीला नुकसानभरपाई म्हणून द्यावी असा आदेश कोर्टाला देता येतो. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 357 होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत 395. बहुतेक वेळा कोणी मागतच नाही, कारण जखमीला माहीत नसतं आणि सांगायला कोणी उभं नसतं. आणि सगळ्यांसाठी: न्यायाधिकरणातल्या दाव्याला आता अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, दवाखान्याच्या धावपळीतही हे विसरू नका.

अमरावतीरोडवाली

म्हणजे मागता येत होतं.

बाबा आत्ता समोरच बसले आहेत, टीव्ही पाहत. सांगू की नको, कळत नाही.

तर्रीपोहे

सांगा ताई. तुमचं वाटणं चूक नव्हतं, एवढं तरी कळेल त्यांना.

सक्करदऱ्याची सून

कुकर झाला. चमकणारं जॅकेट कुठं चांगलं मिळतं कोणाला माहीत आहे का? आईला मिळालेलं धुऊन धुऊन विटलं, रात्री काहीच चमकत नाही.

रिंगरोडचासकाळचा

जाळीचं घ्या, कापडी उन्हात शिजवतं. माझ्याकडे दोन नवे आहेत, कंपनीतून मिळालेले. पत्ता कळवा, उद्या सकाळी आणून देतो.