दंड रद्द करा म्हणणाऱ्यांना एक उत्तर

रांगेतला_वाचक
'विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी उशिराचा दंड बंद करावा, न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०२१ मध्ये केलाच ना' अशी परवाची पोस्ट. खाली सगळे 'शंभर टक्के सहमत' लिहून मोकळे. मला गप्प बसवेना.

न्यूयॉर्कचं शहर ग्रंथालय आणि आपलं विद्यापीठ यांची तुलनाच होत नाही. तिथे मागणी असलेल्या पुस्तकाच्या ढीगभर प्रती शाखाशाखांत असतात. आपल्याकडे एम.ए.चा अख्खा वर्ग आणि संदर्भाच्या पुस्तकाच्या दोन प्रती. त्यातली एक रेफरन्सला, म्हणजे घरी मिळणारच नाही. उरलेली जो सेमिस्टरच्या सुरुवातीला उचलतो, तो परीक्षा आटोपल्यावर आणतो. आज निदान दंडाच्या धाकाने कधीतरी आणतो. दंड काढलात तर थेट नो ड्यूजच्या, म्हणजे काही बाकी नसल्याच्या दाखल्याच्या दिवशीच उगवेल.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं दुसरंच आहे की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. ते तुमच्या खोलीत उशाशी पडलेलं असेल तर मला कुठून मिळणार? दंड म्हणजे गरिबांवर अन्याय, असं लिहिलंय. विकत घेणं परवडत नाही म्हणून जो रोज काउंटरवर 'आलं का?' विचारतो, तो कोण श्रीमंत आहे?

एसटीने_येणारा
ती पोस्ट माझीच. तुम्ही कॅम्पसवर राहत असाल, म्हणून हे सुचतं. मी तालुक्याच्या गावाहून येतो. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी असते, पण देवघेव काउंटर पाचला बंद. मध्ये जेवणाची सुट्टी. अभ्यासिकेत बसलेल्या माणसाला पुस्तक परत घ्यायचा अधिकार नाही. एकदा वेळेत पोचलो तर 'सर्व्हर बंद आहे, उद्या या'. त्या उद्याचा दंडही मीच भरला. दिवाळीच्या सुट्टीत ग्रंथालयाला कुलूप, तेही दिवस दंडात धरले. दिवसाचा रुपया कुणाला जड नाही हो. भाडं आणि बुडालेला दिवस जड जातो. दाराबाहेर पुस्तक टाकायला एक पेटी ठेवा, मग दंडाच्या गोष्टी करा.

दाखल_क्रमांक
सगळी नोकरी ग्रंथालयात गेली म्हणून बोलतो. सुट्ट्या कोहाच्या, म्हणजे देवघेवीच्या सॉफ्टवेअरच्या, कॅलेंडरमध्ये भरून तसं सेटिंग केलं की त्या दिवसांचा दंड लागत नाही. कोणी भरत नाही, हा आमच्या लोकांचा हलगर्जीपणा आहे, तो मान्य. पण पेटीत पडलेलं पुस्तक भिजलेलं, पानं फाडलेलं निघालं तर जबाबदार कोण? केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत नियम २१५ आहे. वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच हरवले तर ते वाजवी धरतात, पण हजार रुपयांवरचा ग्रंथ हरवला की चौकशी. राज्यातल्या ग्रंथपालाला तेवढाही आधार वाटत नाही. साठा पडताळणी आली की त्याची झोप उडते. तुम्हाला तो खडूस दिसतो, कारण हरवलेल्या पुस्तकांची किंमत त्याच्याकडूनच वसूल होण्याची भीती त्याच्या डोक्यावर असते.

इतिहासवाली
विद्यार्थ्यांचं काय ते चाललंय. शिक्षकांना दंड आहे का कुठे? मला हवं असलेलं जुनं पुस्तक कॅटलॉगमध्ये कायम 'इश्यू झालेलं'. विभागातल्याच एका सरांकडे. मागायला गेले तर म्हणे, 'मला लागतं ते.' सर आता निवृत्तीला आले! शेवटी दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात जाऊन अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढून आणली.

मराठी_छापणारा
अख्ख्या पुस्तकाची? आणि हे इथे लिहिता? आम्ही हजाराची आवृत्ती काढतो, ती संपायला वर्षं लागतात. आणि विद्यापीठाच्या गेटसमोर आमचंच पुस्तक स्पायरल बाइंडिंग करून विकलं जातं. लेखकाला काय देऊ मी?

इतिहासवाली
तुमचं नव्हतं ते. बाजारात नाहीच ते पुस्तक, कोणी पुन्हा छापलंच नाही. आणि दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सवाल्यावर ऑक्सफर्ड, केंब्रिज या प्रकाशकांनी केलेला खटला उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळला, तो वाचा.

मराठी_छापणारा
तुम्ही पुढचं वाचा. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने तो परत पाठवला, अभ्यासक्रमाला खरंच तेवढा मजकूर लागतो का ते तपासायला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी खटला मागे घेतला, म्हणून ते तपासलंच गेलं नाही. आणि तो वाद शिक्षकांनी नेमून दिलेल्या उताऱ्यांचा होता. ऑक्सफर्डचं काही बिघडलं नाही. आमचं दुकान बंद होतं.

शेवटचा_बाक
मग पुस्तकं छापत राहा! निम्मी यादी 'आवृत्ती संपली' आणि वर आम्हाला चोर म्हणायचं. आमच्या गाइडनी दिलेल्या संदर्भ यादीतलं अर्धं विकत मिळत नाही. पैसे घेऊन पुण्यातला पुस्तकांचा अप्पा बळवंत चौक पालथा घातलाय.

मराठी_छापणारा
चोर शब्द मी वापरला नाही. पुनर्मुद्रणाला कागद लागतो, आणि विद्यापीठं आमची बिलं वेळेवर देत नाहीत. त्या उशिराला दंड कोण लावतं?

रांगेतला_वाचक
झेरॉक्सचं वेगळं भांडा. प्रश्न दंडाचा होता.

दाखल_क्रमांक
वेगळं नाही ते. एकच प्रत असते म्हणून दंड आणि एकच प्रत असते म्हणून झेरॉक्स. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सोय आहे: भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या प्रमुखाच्या देखरेखीखाली ग्रंथालयासाठी करता येतात. कायदा 'अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालय' म्हणतो, त्यात विद्यापीठ बसतं का यावर घोळ घालत कोणी पुढे होत नाही.

मराठी_छापणारा
बाजारात नसेल तर ग्रंथालयाने तीन कराव्यात, मी आडवा येणार नाही. गेटसमोरच्या दुकानाला मात्र माझा विरोध राहील.

जर्मनीतून
इथे विद्यापीठ ग्रंथालयात दंड आहेच, आणि झोंबणारा आहे. पण दुसऱ्या कोणी त्या पुस्तकावर नंबर लावला नसेल तर मुदत घरबसल्या वाढवता येते. नंबर लागला की वाढत नाही.

रांगेतला_वाचक
हे चालेल. कोणी मागितलंच नसेल तर दंड नको. मागणी नोंदली गेली की दुप्पट घ्या, आणि शिक्षकांकडूनही घ्या. पेटीचंही मान्य, पण फक्त काउंटर बंद असतानाच.

एसटीने_येणारा
शिक्षकांकडून पहिली पावती फाडलेली दाखवा, मग माझा रुपया मागा. तोवर माझी मागणी तीच.

दाखल_क्रमांक
पावती फाडायला नियम बदलावा लागेल. तो ग्रंथालय समिती बदलते, आणि आमच्या समितीत शिक्षकच जास्त होते. काउंटरवरच्या माणसाशी भांडून काही होत नाही. विद्यार्थी प्रतिनिधीमार्फत लेखी ठराव द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका.