अठराच्या आतली गरोदर मुलगी : पोलिसांना कळवण्याची सक्ती सैल करावी का?

खारेगावकर
दिघा, तुर्भे, दिवा. ठाणे-नवी मुंबईतल्या अशा वस्त्यांतून सोळा-सतरा वर्षांची गरोदर मुलगी दवाखान्यात उशिरा येते. पोक्सोच्या (अठराखालच्या मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या) कलम १९ नुसार डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं आणि घरच्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून गरोदरपणाच्या नोंदकार्डावर वय १९ सांगतात, नाहीतर थेट आठव्या महिन्यात आणतात. तोवर हिमोग्लोबिन साडेसहा ग्रॅमवर आलेलं, म्हणजे अंगात रक्त फारच कमी. लोहाच्या गोळीने महिन्याला जेमतेम एखाद्या ग्रॅमने वाढतं, तीही चहासोबत घेतली तर अंगी लागत नाही. ३४व्या आठवड्यात मग रक्तच चढवावं लागतं. परस्परसंमती असेल तिथे ही सक्ती सैल करा.

कोर्टनाका
साफ असहमत. संमती होती हे ठरवणार कोण? वय १९ सांगणारी बहुधा सासू असते, मुलीला तोंडही उघडू देत नाहीत. सक्ती काढली की सासूचं आणि नवऱ्याचंच फावेल. आणि 'आधी पोलिसांचा कागद, मग तपासणी' असं कुणी सांगत असेल तर ते बेकायदा आहे. पोक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तातडीच्या उपचारासाठी असा कागद मागताच येत नाही. आधी बीपी, हिमोग्लोबिन, लघवीतलं प्रथिन बघा. सासूला बाहेर बसवून मुलीशी एकटीशी बोला. मग कळवा.

खारेगावकर
नियम बरोबर, पण भीती नियम वाचून जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मुलीचं नाव न कळवण्याची मुभा दिली ती गर्भपातापुरती. मूल ठेवणारीला ते छत्र नाही. आणि गर्भपाताची मुदत अल्पवयीन मुलीला २४ आठवडे, त्यातही २० नंतर दोन डॉक्टरांचं मत लागतं. लपवाछपवीत ती वाटही बंद होते.

कोर्टनाका
मग नाव गुप्त ठेवण्याची मुभा मूल ठेवणारीलाही द्या, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर. कळवणं मात्र राहिलंच पाहिजे.

आशा_गटप्रवर्तक
दोघंही बाळंतपणापाशी थांबलात. वय १९ लिहिलं की कार्डावर जोखमीचा लाल शेरा पडत नाही. मग १४०/९० बीपी झालेलं, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तरी 'पित्त असेल' म्हणून घरीच ठेवतात आणि आकडीचा झटका येतो. बाळ १९०० ग्रॅमचं असेल तर त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वर पांघरूण घाला. दर दोन तासांनी दूध. ओढता येत नसेल तर पिळून वाटी-चमच्याने. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाच्या (वस्तीतल्या आरोग्यसेविकेच्या) घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी असतात, पण चौकशीच्या धास्तीने मुलीला पाचव्या दिवशीच मुरबाड-शहापूरकडच्या गावी धाडतात. सुट्टी देतानाच कुठे जाणार ते विचारा आणि तिथल्या आशाला त्याच दिवशी फोन करून बाळाचं वजन सांगा.