मदत हवी आहे: प्रेशर वॉशरने भिंत, विटा आणि लाकूड धुताना किती जोर चालतो?

नमस्कार मंडळी,

घराला बाहेरून शेवाळ आणि काळे डाग फार धरलेत, म्हणून २००० पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) प्रेशर वॉशर, म्हणजे जोरात पाण्याची धार मारणारं मशीन, आणलाय. काँक्रीटचं अंगण २५ अंशांच्या हिरव्या नोझलने (तोटीने; अंश जितके जास्त तितकी धार पसरट) छान निघालं, त्याची काळजी नाही. पण तेच नोझल लाकडी बाकावर जवळून धरलं आणि क्षणात तंतू उभे राहिले, पांढरट पट्टे उमटले. फार वाईट वाटलं. वाळल्यावर पॉलिश पेपर मारून तेल लावलं तर बाक सुधारेल का?

खरी धास्ती जुन्या विटांच्या भिंतीची आहे. सांध्यातला चुना बोटाने खरवडला तरी भुगा पडतो. माझ्या मते तिथे मशीन लावूच नये, मऊ ब्रश आणि साबणाचं पाणीच बरं. कुणी अशी भिंत धुतली असेल तर नक्की सांगा.

रंगवलेल्या भिंतीला ४० अंशांचं पांढरं नोझल दोन फुटांवरून चालेल का? रंगाला बारीक भेगा आहेत, त्यातून पाणी आत मुरायची भीती वाटते.

० अंशांचं लाल नोझल मी बाजूलाच ठेवलंय. ती धार कातडी फाडून आत शिरते, आणि जखम बारीक दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो. गॉगल, बूट घालतो. बाहेरच्या दिव्यांचा एमसीबी बंद करतो. वरच्या मजल्यासाठी शिडीवर चढायचं नाही हे ठरलंय, कारण धारेचा झटका तोल घालवतो. मग लांब दांडी वापरावी का?