टिकलीच्या जागी उठलेला डाग बोटांपर्यंत कसा पोहोचला?

प्रश्न
दोन वर्षांपूर्वी आईच्या कपाळावर, चिकट टिकली लावण्याच्या नेमक्या जागी, मसुरीएवढा पांढरा डाग दिसू लागला. टिकली बंद केली, तरी वर्षभरात बोटांच्या टोकांवर आणि दोन्ही कोपरांवर डाग आले. त्वचारोगतज्ज्ञांनी कोडाचे निदान केले असून उपचार चालू आहेत. नातेवाईक मात्र माशांवर दूध प्यायल्याचा दोष देतात आणि आई खाली मान घालून ऐकून घेते, ते मला बघवत नाही. जेथे टिकली कधी लागलीच नाही, तेथील रंग का जावा?

प्रतिसाद १
टिकलीच्या गोंदात आढळणारे पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल हे रसायन यासाठी कुप्रसिद्ध आहे. रंगपेशी ज्या टायरोसिन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन हे त्वचेचे रंगद्रव्य तयार करतात, त्याच्याशी या फिनॉलची घडण मिळतीजुळती असते. त्यामुळे त्याचा मारा नेमका रंगपेशींवर होतो आणि त्यांच्यावर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो. १९३९ साली अमेरिकेत कातडी कमावणाऱ्या कामगारांच्या हातांचा रंग रबरी हातमोज्यांमुळे गेल्याचे नोंदले गेले, तेव्हा त्यामागेही असेच एक फिनॉल निघाले. मात्र तीच टिकली वापरणाऱ्या असंख्य स्त्रियांना काहीही होत नाही, म्हणून रसायनाला मी ठिणगी म्हणेन, सगळे कारण म्हणणार नाही.

प्रतिसाद २
तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर रोगप्रतिकारक यंत्रणेत आहे. ताणाखाली आलेली रंगपेशी धोक्याचे संकेत सोडते आणि सीडी-८ टी-पेशी (बाधित पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) तिची प्रथिने शत्रूची म्हणून ओळखू लागतात. त्या इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारे प्रथिन सोडतात. त्यामुळे शेजारच्या केराटिनोसाइट, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील पेशी, सीएक्ससीएल-१० हा रेणू तयार करतात आणि तो आणखी टी-पेशींना तेथे ओढून आणतो. या पेशी गोंद ओळखत नाहीत, रंगपेशी ओळखतात, आणि रंगपेशी तर अंगभर आहेत. कोपरे आणि बोटे सतत घासली जातात, आणि घर्षण किंवा जखम झालेल्या जागी कोड उमटण्याची प्रवृत्ती असते. इंटरफेरॉनचा हा संदेश पेशीच्या आत जेएके विकरांमार्फत पोहोचतो. तो अडवणाऱ्या रक्सोलिटिनिब मलमाला अमेरिकेत २०२२ साली कोडासाठी मान्यता मिळाली, यावरून कारणांचा शोध उपचारापर्यंत कसा नेतो हे दिसते.

प्रतिसाद ३
आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण जनुके सारखी असलेल्या जुळ्यांपैकी एकाला कोड असले तरी दुसऱ्याला ते होण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्केच आढळले आहे. थायरॉइडचे स्वप्रतिरोधी विकार (ज्यांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते) मात्र कोडासोबत वरचेवर दिसतात, त्यामुळे आईंची थायरॉइड तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. मासे आणि दूध एकत्र घेतल्याने कोड होते याला कोणताही आधार नाही. हे नातेवाइकांना स्पष्ट शब्दांत सांगा, आणि आईंसमोरच सांगा.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. काल उजेडात भिंग धरून पाहिले, तर कोपरावरच्या डागात केसांच्या मुळाशी टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके दिसले; बोटांवर मात्र काहीच नाही. असे का?

प्रतिसाद २
हे शुभलक्षण आहे. केसांच्या मुळाशी रंगपेशींच्या मूळ पेशींचा साठा बराच सुरक्षित राहतो आणि रंग परतताना तेथूनच ठिपक्यांनी पसरतो. बोटांच्या टोकांवर केसच नसतात, म्हणून तेथे उपचारांना सर्वांत कमी यश येते. डागातले केस पांढरे झालेले नाहीत ना, तेवढे पाहून पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा.