सुट्टीतला पगार आणि युनिव्हर्सल क्रेडिट

वहिनींना वाटतंय की ऑगस्टमध्ये शाळा बंद, काम नाही, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट (ब्रिटनमध्ये कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी सरकारी मदत) आपोआप वाढेल. तसं होईलच असं नाही. आधी पेस्लिप बघा.

मी इथल्या एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. कामाचे आठवडे एकोणचाळीस, पण वर्षाचा पगार बारा समान हप्त्यांत येतो. त्यामुळे ऑगस्टातही जुलैइतकेच पैसे जमा होतात आणि क्रेडिट तेवढंच राहतं. क्रेडिट ठरवणारे लोक काम किती दिवस केलं हे बघत नाहीत, तुमच्या महिन्याच्या असेसमेंट पिरियडमध्ये, म्हणजे हिशेबाच्या महिन्यात, हातात काय पडलं ते बघतात.

माझी मैत्रीण डिनर लेडी, म्हणजे शाळेत मुलांच्या दुपारच्या जेवणाचं बघते, तिला फक्त केलेल्या तासांचे पैसे मिळतात. तिचं गणित उलटं. वर्क अलाउन्सच्या (कपात न होता जेवढं कमावता येतं त्या रकमेच्या) वरच्या प्रत्येक पौंडामागे क्रेडिटमधून 55 पेन्स कापले जातात, म्हणजे त्या टप्प्यात पगार 400 पौंडांनी घटला तर क्रेडिट 220 ने वाढतं. उरलेल्या 180 चा खड्डा तिचा तिनेच भरायचा, तोही पोरं दिवसभर घरी आणि फ्रीज सारखा उघडा असताना! शिवाय पगार फारच खाली गेला तर वर्क कोच (जॉबसेंटरमधला आपली केस बघणारा माणूस) 'दुसरं काम शोधा' म्हणून मागे लागू शकतो.

आणि हो, व्हिसावर 'नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स' (म्हणजे अशी सरकारी मदत घेता येणार नाही) लिहिलं असेल तर अर्जाच्या वाटेला जाऊच नका.