मदत हवी आहे : बहुउद्देशीय सुतारकाम यंत्राला लावलेला उचल-साहाय्यक गॅस शॉकअप सुरक्षितपणे कसा वापरावा?

नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहतो. निवृत्तीनंतर घराच्या पार्किंगमध्ये पाट, चौरंग, छोटे देव्हारे असे सुतारकाम करतो. लाकूड बहुतेक जुन्या वाड्यांच्या उतरवलेल्या तुळयांचे, म्हणजे जड सागवान. माझ्याकडील यंत्र एका नातेवाइकाने अमेरिकेतून परतताना घरसामानाबरोबर आणलेले, शॉपस्मिथ मार्क फाइव्ह धाटणीचे आहे. एकाच मोटरवर गोल करवत, कातकामाचा लेथ, सँडिंगची तबकडी, आडवे भोक पाडणे आणि उभे ड्रिल अशी पाच कामे होतात.

ज्यांनी असे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन जाड पोलादी पाइप समांतर आडवे असतात आणि त्यांवर हेडस्टॉक (मोटर बसवलेला यंत्राचा मुख्य भाग) आणि गाडीवर बसवलेले कामाचे टेबल सरकते. उभे ड्रिल करायचे झाले, की डाव्या टोकाची कडी सोडून पाइपांसह सगळा डोलारा उजव्या टोकाच्या सांध्यावर नव्वद अंश उभा करावा लागतो. माझ्या मणक्याची एक चकती सरकलेली असल्याने हे उचलणे मला झेपत नाही. बाजारात या यंत्रांसाठी तयार उचल-साहाय्यक मिळतात, परंतु मी हौसेने घरीच जुळणी केली. सातपूरच्या एका वर्कशॉपमधून पट्ट्या कापून आणल्या आणि मोटारीच्या डिकीला असतात तसे ६०० न्यूटनचे दोन गॅस शॉकअप (वायू भरलेले नळकांडे, ज्यातला दांडा वायूच्या दाबाने बाहेर ढकलला जातो) बसवले.

हिशेब असा केला होता. सामान मोजण्याचा लटकता काटा डाव्या टोकाला अडकवून ओढला, तेव्हा डोलारा २४ किलोंवर हलू लागला. ते टोक सांध्यापासून १.२ मीटर दूर आहे, म्हणजे (एका किलोचे वजन सुमारे ९.८ न्यूटन धरून, जोर गुणिले अंतर) सुमारे २८२ न्यूटन-मीटर. शॉकअपची रेषा सांध्यापासून १५ सेंटिमीटरवरून जाते, म्हणून १२०० गुणिले ०.१५ बरोबर १८० न्यूटन-मीटर. उरलेले वजन हाताला साडेआठ किलोंच्या आसपास लागावे, असे कागदावर आले. प्रत्यक्षात काटा चारच किलो दाखवतो. मला ते फायद्याचेच वाटले, आणि चूक तिथेच झाली असावी.

दिवाळीपूर्वी पट्टा बदलण्यासाठी हेडस्टॉक काढायचे ठरवले. डाव्या टोकाचा आधार सोडल्याशिवाय तो पाइपांवरून सरकवून बाहेर काढता येत नाही, आणि तोच आधार पाइपांना खाली धरून ठेवणारी कडी आहे, हे मला ठाऊक असूनही त्या क्षणी सुचले नाही. भाच्याने आणि मी दोघांनी मिळून हेडस्टॉक डावीकडे ओढला. तो पाइपांवर होता तोवर त्याच्या वजनाने सगळे शांत होते. तो सुटून आमच्या हातात आला आणि पाइप सटकन वर गेले. टोक माझ्या चष्म्याच्या काचेला घासून गेले, वरची ट्यूबलाइट फुटली आणि पाइप वरच्या अडणीवर धाडकन आपटले. कोणाला इजा झाली नाही, पण त्या दिवसापासून यंत्राच्या डाव्या बाजूला उभे राहायला मन धजत नाही.

मला विचारायचे आहे ते असे. हिशेब आणि काटा यांत एवढा फरक का पडला? हेडस्टॉक उतरवताना कोणता क्रम पाळावा? हेडस्टॉक जागेवर असतानाही डोलारा अर्ध्याहून थोडा वर गेला की स्वतःच वर ओढला जातो आणि शेवटी आपटतो. हा शॉकअपचा दोष समजावा की माझ्या जुळणीचा? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. शॉकअप काढून टाका, एवढेच उत्तर मात्र देऊ नये, कारण मग यंत्र उभे करणेच बंद होईल.

प्रतिसाद :

नमस्कार. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षे देखभाल विभागात काढली आहेत, त्यामुळे आपल्या मांडणीवरून काही गोष्टी ठामपणे सांगता येतात.

गॅस शॉकअपवर छापलेला आकडा हा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर असतानाचा असतो. आत उच्च दाबाचा नायट्रोजन असतो. दांडा आत जातो तसा वायू दाबला जाऊन जोर वाढतो, आणि पूर्ण दाबलेल्या स्थितीत तो पाव ते तिसऱ्या हिश्श्याने अधिक असू शकतो. आपले यंत्र आडवे असते तेव्हा शॉकअप सर्वांत जास्त दाबलेले असतात. १८० ला १.३ ने गुणा, २३४ येतील. २८२ मधून वजा करून १.२ मीटरने भागल्यास ४० न्यूटन, म्हणजेच आपल्या काट्याचे चार किलो. हेडस्टॉक काढल्यावर नुसत्या पाइपांचे आणि टेबलाचे वजन टोकाशी किती भरते ते आपण लिहिलेले नाही. ते सात किलो धरले, तरी पाइपांना वर फेकणारा जोर टोकाशी सुमारे तेरा किलोंचा होतो. चष्म्यावर निभावले म्हणायचे.

आता उतरवण्याचा क्रम. डिकीचे शॉकअप आपण डिकी उघडी असताना बदलतो, बंद असताना नव्हे, कारण उघड्या स्थितीत दांडा पूर्ण बाहेर असतो आणि साठलेला जोर सर्वांत कमी असतो. इथेही तेच. प्लग काढावा, चाके वर घेऊन यंत्र जमिनीवर टेकवावे, हेडस्टॉक आणि टेबलाची गाडी या दोन्हींची कुलुपे घट्ट असल्याची हाताने हलवून खात्री करावी आणि मग डोलारा उभा करून वरची खिट्टी लावावी. त्या स्थितीत दोन्ही शॉकअप सोडवून बाजूला ठेवावेत, दोन माणसांनी डोलारा पुन्हा आडवा करावा आणि त्यानंतरच हेडस्टॉकला हात लावावा. हेडस्टॉकचे कुलूप ढिले असेल तर डोलारा उभा होताच तो पाइपांवरून थेट टेबलावर घसरतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बोटे मध्ये असती तर गेली असती.

हेडस्टॉक सांध्याकडे सरकवून ठेवण्याची सवय असेल, तर तीही सोडावी. वजन जवळ आले की तोच शॉकअप जास्त ठरतो. हेडस्टॉकची जागा पाइपांवर रंगाच्या रेघेने ठरवून टाका आणि दरवेळी त्याच रेघेवर कुलूप लावून मगच उचला.

आपटण्याबद्दल एक शंका आहे. शॉकअपचा दांडा वर आहे की खाली?

धागाकर्ता :

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. दांडा वर आहे. नळकांडे खाली बेसला बसवले, कारण तिथे पट्टी लावणे सोपे होते.

प्रतिसाद :

मग दोष जुळणीचा आहे. आत थोडे तेल असते. दांडा खाली ठेवल्यास ते तेल दांड्याच्या सीलवर (वायू बाहेर गळू न देणाऱ्या कडीवर) राहते, सील कोरडे पडत नाही आणि बाहेर येताना शेवटच्या टप्प्यात दट्ट्या (दांड्याच्या आतल्या टोकाचा पिस्टन) तेलातून जात असल्याने वेग आपोआप मंदावतो. आपल्याकडे तेल तळाशी, म्हणजे नको त्या बाजूला बसलेले आहे. दोन्ही शॉकअप उलटे करा. दांड्यावरचा भुसा कोरड्या फडक्याने पुसत जा, कारण त्यावर एक चरा पडला तरी सील जाते. जुना शॉकअप भंगारात देताना त्याला गॅस कटर लावू नये, असे त्या माणसाला स्पष्ट सांगावे.

प्रतिसाद :

काका, एक भर घालतो. निफाडकडे आमच्या शेडमध्ये जानेवारीच्या सकाळी असाच शॉकअप लावलेले झाकण हाताला जड लागते आणि मे महिन्यात फटकन उघडते. वायूचा जोर दर अंशाला सुमारे ०.३४ टक्के बदलतो. आठ अंशांच्या थंडीत आणि चाळीस अंशांच्या उन्हात मिळून ११ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, म्हणून तुमचे चार किलो उन्हाळ्यात आणखी खाली येतील. कमी न्यूटनची जोडी घेतलेली बरी.

धागाकर्ता :

दोघांचेही आभार. रविवारी भाच्याला बोलावून वर दिलेल्या क्रमाने शॉकअप सोडवले आणि ६०० ऐवजी ५०० न्यूटनची जोडी दांडे खाली ठेवून बसवली. काटा आता सात किलो दाखवतो, आणि तेवढे माझी पाठ सहन करते. डोलारा अजूनही साठ अंशांच्या आसपास स्वतः वर जाऊ लागतो, पण सावकाश, आणि शेवटी आपटत नाही. पाइपांवर लाल रेघ मारली आहे. डाव्या आधाराच्या नटावर पत्र्याची चकती लटकवून तिच्यावर ‘आधी शॉकअप’ एवढेच रंगाने लिहिले आहे. चकती हातात घेतल्याशिवाय पाना नटाला लागत नाही. नवी ट्यूबलाइट मात्र भिंतीवर, डोलाऱ्याच्या वाटेबाहेर बसवली आहे.